पोपटी-गुणविनियोग-मीमांसा

विषय

मनुष्यसमूहातील प्रत्येक व्यक्तीच्या ठायी निदान एक गुण असतो, आणि तो कोणता हे त्या व्यक्तीखेरीज इतर सर्वांना ठाऊक असते. या सिद्धान्ताची शास्त्रीय मांडणी करण्याचे प्रयत्न आजवर कार्यालयांत, कारखान्यांत आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत झाले. शेताच्या बांधावर, रात्रीच्या वेळी, उपड्या मडक्यासमोर असा प्रयत्न झाल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. ती उणीव दूर करणे हे या निबंधाचे प्रयोजन होय.

अभ्यासक्षेत्र रायगड जिल्ह्याची किनारपट्टी, त्यातही मुख्यतः अलिबाग तालुका: उत्तरेस रेवस-मांडव्यापासून थळ, वरसोली, आक्षी, नागाव, चौल या क्रमाने दक्षिणेस रेवदंड्यापर्यंत. अभ्यासकाल पौष ते फाल्गुन. अभ्यासविषय पोपटी.

पोपटीची व्याख्या अशी करता येईल. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर पोसलेल्या वालाच्या शेंगा ओवा व जाडे मीठ लावून, भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात ठासून, पाण्याचा थेंबही न घालता, मडक्याचे तोंड त्याच पाल्याने बुजवून, मडके उपडे घालून, भोवती जाळ करून शिजवणे म्हणजे पोपटी लावणे. शेंगांच्या सोबतीस बटाटी, रताळी, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी ही उपद्रव्ये असतात. मडके उपडे घालण्याचे कारण गूढ नाही. वाफ वर चढते. मडके सुलटे ठेवल्यास ती तोंडावाटे निघून जाईल. उपडे घातल्यास मडक्याचे बूडच तिच्या माथ्यावर छप्पर होते आणि शेंगांचा व पाल्याचा अंगचा ओलावा आतल्या आत फिरून सर्व द्रव्ये शिजवतो. उत्तरेस वलसाडकडे याच तत्त्वावर उंबाडियूं नावाचा पाक सिद्ध करतात. त्याचा तौलनिक विचार स्थलाभावी येथे केलेला नाही.

गुणपरीक्षेसाठी हाच प्रसंग का निवडला, ते सांगणे प्राप्त आहे. संघबलाचे या तालुक्यातले सर्वांत थोर उदाहरण चरी येथील शेतकऱ्यांच्या संपाचे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. तथापि तेथे सर्वांनी एकच व्रत पाळावयाचे होते. जेथे कृत्य एक असते तेथे निष्ठा मोजता येते, गुणभेद मोजता येत नाही. गुणभेदासाठी कृत्ये भिन्न हवीत, वेळ थोडा हवा आणि अपयश सर्वांना एकदम खावे लागावे. पोपटीत या तिन्ही अटी पूर्ण होतात. शिवाय तेथे क्षुधा, तम आणि अग्नी ही त्रयी उपस्थित असते, आणि या त्रयीसमोर मनुष्य फार वेळ सोंग टिकवू शकत नाही.

मोजमाप गोंगाटापासून दूर न्यावे ही कल्पनाही अलिबाग गावास नवी नाही. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे हे काम अलिबागला आणण्यात आले. १९०४ पासून तेथे नोंदी होत आहेत. चुंबकसूचीच्या बाबतीत जी दक्षता शासनाने दाखवली ती मनुष्याच्या बाबतीत दाखवावी, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे मत प्रथम प्रामाणिकपणे मांडावे अशी शिस्त आहे. अमेरिकेतील क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांनी २००४ मध्ये सहा सद्गुणवर्गांत २४ चारित्र्यगुण बसवले. डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या परंपरेने ३४ गुण मोजले, आणि मनुष्याने उणिवा दुरुस्त करीत बसण्यापेक्षा गुण वाढवावेत असा आग्रह धरला. पीटर ड्रकर यांनी हाच विचार १९६० च्या दशकात व्यवस्थापकांपुढे ठेवला होता. इंग्लंडमध्ये मेरेडिथ बेल्बिन यांनी १९८१ च्या ग्रंथात चमूतील आठ भूमिका सांगितल्या. पुढे तज्ज्ञ ही नववी भूमिका त्यांत मिळवण्यात आली.

हे सर्व कार्य आदरणीय आहे. परंतु २४ गुणांत, ३४ गुणांत किंवा नऊ भूमिकांत कोठेही मीठ आठवणाऱ्याचा निर्देश नाही. विवेक, दूरदृष्टी, जबाबदारी अशा व्यापक संज्ञांच्या पोटात तो येतो असे कोणी म्हणेल. तसे असते तर विवेकी, दूरदर्शी व जबाबदार गृहस्थांनी लावलेल्या पोपट्या अळणी निघाल्या नसत्या.

स्वदेशी परंपरेकडे पाहावे तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी होतो. उत्तमलक्षणांनाही समर्थांनी स्वतंत्र समास दिला आहे, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. परंतु समाजाने पाठ केली ती मूर्खलक्षणे. रायगड किनाऱ्याला तर या वृत्तीचा विशेष उपसर्ग पोहोचला आहे. ‘अलिबागसे आया है क्या’ हा हिंदी वाक्प्रचार अकौशल्याचा दाखला म्हणून देशभर चालतो. त्यावर बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती. ती २०१९ मध्ये फेटाळली गेली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्यच आहे. मात्र तो वाक्प्रचार वापरणाऱ्यास रात्री साडेआठ वाजता नागावच्या एखाद्या बांधावर उभे करून भांबुर्डा शोधावयास सांगितले, तर कोण कोठून आला आहे याचा निर्णय न्यायालयावाचूनही होऊ शकतो.

प्रमाणविचार

अमुक व्यक्तीच्या ठायी अमुक गुण आहे, हे ज्ञान कोणत्या साधनाने होते? न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे मानते. भाट्ट मीमांसक अर्थापत्ती व अनुपलब्धी मिळवून सहा मानतात. प्रश्नावली भरून घेणारे आधुनिक पंडित वस्तुतः सातवे प्रमाण मानतात, ते म्हणजे आत्मघोषणा. त्याचे खंडन सोपे आहे. ‘पोपटी लावावी तर मीच’ हे वाक्य प्रत्येक पोपटीच्या ठिकाणी निदान चार मुखांतून ऐकू येते, आणि मडके एकच असते.

आमच्या मते येथे दोनच प्रमाणे ग्राह्य आहेत.

पहिले प्रमाण हाक. संकटसमयी, अन्य कोणाचेही नाव न सुचता, दोन किंवा अधिक कंठांतून एकाच व्यक्तीच्या नावाने एकदम निघालेला ध्वनी म्हणजे हाक. तिचे व्यवच्छेदक लक्षण असे की तिच्यात क्रियापद नसते. मडके एका अंगाला कलू लागले आणि तिघे जण ‘दादा!’ एवढेच ओरडले, तर ती हाक. दादाने काय करावयाचे हे ओरडणाऱ्यांना ठाऊक आहे आणि दादालाही ठाऊक आहे. ‘दादा, जरा तिकडून दगड आण’ ही हाक नव्हे, ती आज्ञा. आज्ञेने गुण सिद्ध होत नाही, केवळ वयाने लहान असणे सिद्ध होते. ज्याच्या नावाची हाक येते पण जो ती येण्यापूर्वीच तेथे पोहोचलेला असतो, त्याचा गुण स्वयंसिद्ध मानावा. अशी माणसे फार थोडी असतात आणि त्यांना प्रश्नावली भरावयास सहसा वेळ नसतो.

दुसरे प्रमाण अनुपलब्धी. भूतलावर घट दिसत नाही यावरून घटाभावाचे ज्ञान होते, हे मीमांसकांचे प्रसिद्ध उदाहरण. आमच्या शास्त्रात घट समोरच असतो, माणूस नसतो. जो मनुष्य वर्षानुवर्षे पोपटीच्या वेळी नुसता इकडून तिकडे फिरताना दिसला, तो ज्या वर्षी लग्नाला पनवेलला गेला त्या वर्षी अर्ध्या शेंगा करपल्या. यावरून तो फिरता फिरता काहीतरी करीत होता एवढे निश्चित होते. काय करीत होता, हे त्यालाही सांगता येत नाही. परत आल्यावर त्यास विचारले असता त्याने ‘मी कुठे काय करतो?’ असा प्रतिप्रश्न केला; आणि शास्त्रदृष्ट्या हे उत्तर अत्यंत मोलाचे आहे, कारण आत्मघोषणा आणि गुण यांचा संबंध व्यस्त असल्याचे ते सूचित करते.

गुणधारकांचे प्रकार

प्रथम प्रकार: पर्णज्ञ. भांबुर्डा ही हिवाळ्यात बांधांवर व पडीक जागी आपोआप उगवणारी उग्रगंधी वनस्पती. दिवसा ती शाळकरी मुलेही ओळखतात. पाल्याची आठवण मात्र सूर्यास्तानंतर होते. पर्णज्ञाचे दोन उपप्रकार आहेत. घ्राणज्ञ हा अंधारात पाने चुरगाळून वास घेत पुढे सरकतो, आणि हवे ते सापडल्यावर काही न बोलता उपटू लागतो. स्मृतिज्ञ हा गेल्या वर्षी पाला कोठे होता ते जाणतो आणि सरळ तेथे जातो. पूर्वी स्मृतिज्ञांची योग्यता श्रेष्ठ मानली जाई. अलीकडे मुंबईकरांच्या बंगल्यांची कुंपणे वाढल्याने त्यांचे ज्ञान दरवर्षी काही गुंठ्यांनी आटत आहे. स्मरणातल्या जागी पोहोचल्यावर पुढ्यात चिऱ्याची भिंत आणि पलीकडे पोहण्याचा तलाव आढळल्यास स्मृतिज्ञाने क्षणभर स्तब्ध राहावे व घ्राणज्ञाच्या मागून चालू लागावे, असा प्रघात पडत चालला आहे.

द्वितीय प्रकार: घटपूरक. मडक्यात तळाशी पाला, मग शेंगा, मध्ये उपद्रव्ये, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला असे थर भरणारा. सैल भरल्यास उपडे घालताना माल घसरतो. अति ठासल्यास वाफ फिरत नाही आणि मधल्या शेंगा दातांना दाद देत नाहीत. किती ठासावे हे त्याच्या मुठीला कळते, त्याला कळत नाही. म्हणून त्याला भरत असताना बोलावयास लावू नये.

तृतीय प्रकार: लवणस्मारक. या शास्त्राचा गाभा येथे आहे. सबब विस्तार क्षम्य मानावा.

‘मीठ टाकला का रं?’ हा प्रश्न प्रत्येक पोपटीत उच्चारला जातो. प्रश्न तोच, परंतु उच्चारणकालानुसार त्याचे मूल्य बदलते, आणि त्यावरून लवणस्मारकाचे चार भेद पडतात.

(अ) पूर्वस्मारक: शेंगा अद्याप गोणपाटावर पसरलेल्या असताना विचारतो. अतिदुर्मिळ.

(आ) संधिस्मारक: शेवटचा पाला मडक्याच्या तोंडात कोंबला जात असताना विचारतो. या वेळी उपाय शक्य असतो, पण घटपूरकाचा मान राखावा लागतो.

(इ) पश्चात्स्मारक: मडके उपडे होऊन, भोवती पेंढा रचून, जाळ माथ्यापर्यंत चढल्यावर विचारतो. किनारपट्टीवर याच भेदाचे प्राबल्य आहे.

(ई) आस्वादस्मारक: शेंग तोंडात धरून विचारतो. याच्या ज्ञानास स्मृती म्हणता येत नाही, ते शुद्ध प्रत्यक्ष होय. म्हणून काही अभ्यासक त्यास लवणस्मारकांत गणत नाहीत. आम्ही मात्र, प्रश्नाचे शब्द तेच असल्याने, त्यास सौजन्याने स्थान दिले आहे.

पश्चात्स्मारकाच्या प्रश्नानंतर जे घडते ते निकटून पाहण्याजोगे आहे. प्रथम सर्व बोलणी थांबतात. मग सर्वांची तोंडे घटपूरकाकडे वळतात. जाळाचा उजेड एकाच बाजूने असल्याने त्याचा अर्धाच चेहरा दिसतो. घटपूरक एका हाताने दुसऱ्या हाताची माती झाडतो आणि म्हणतो, ‘टाकला.’ हा शब्द अशा स्वरात उच्चारला जातो की त्यावरून होकार, नकार वा विस्मरण यांपैकी काहीच निष्पन्न होत नाही. कोणीतरी बॅटरी मिठाच्या पुड्यावर मारतो. पुडा फोडलेला असतो. परंतु तो दुपारी कोंबडीला मसाला लावतानाच फोडलेला होता, हे स्मरणारा दुसरा कोणीतरी निघतो. यापुढचा अर्धा-पाऊण तास संघ ज्या अवस्थेत राहतो तिला लवणसंशयकाल अशी संज्ञा आम्ही सुचवितो. या काळात गप्पा चालतात, परंतु कोणाचेही लक्ष त्यांत नसते.

प्रश्न असा की पश्चात्स्मारकाचे करावे काय? त्याची स्मृती निर्दोष आहे, विलंब हा एकच दोष आहे. दोषनिवारणवादी म्हणतात, त्याला लवकर आठवण्याचा सराव द्यावा. हा उपाय अनेक ठिकाणी योजून पाहण्यात आला. फल असे की तो दुपारपासूनच मीठ मीठ करीत राहिला. त्यामुळे संध्याकाळी कोणी त्याचे ऐकेना आणि पोपटी अळणीच झाली. गुणविनियोगवाद्यांचा उपाय वेगळा आहे: मिठाचा पुडा त्याच्याच हाती द्यावा आणि त्यास घटपूरकाच्या उजव्या बाजूस बसवावे. हातात पुडा असलेला मनुष्य फार काळ स्वस्थ बसू शकत नाही. तो कोठेतरी मीठ घालतोच. विलंबित स्मृतीचे तात्कालिक कृतीत रूपांतर करणारी ही योजना आमच्या मते या शास्त्राची सर्वांत मोठी उपलब्धी आहे. तिच्यातील एकमेव धोका म्हणजे घटपूरकाने सवयीने स्वतःही मीठ घातलेले असणे. त्या परिस्थितीत वरील (ई) या भेदास दुसरा प्रश्न विचारावा लागतो.

चतुर्थ प्रकार: अग्निपाल. पेंढ्याने पेटवणे, झावळ्यांनी वाढवणे, गोवऱ्यांनी व लाकडांनी टिकवणे हा त्याचा क्रम. हातात काठी असलेला प्रत्येक जण स्वतःस अग्निपाल समजतो. खऱ्या अग्निपालाचे लक्षण असे की तो जाळाला सहसा हात लावीत नाही, इतरांच्या काठ्या तेवढ्या खाली घ्यायला लावतो.

पंचम प्रकार: दीपधर. बॅटरी अथवा मोबाइलचा उजेड पाडण्याचे काम. उजेड जेथे हवा तेथे न पाडता बोलणाऱ्याच्या तोंडावर पाडणे, ही या वर्गाची सार्वत्रिक प्रवृत्ती आहे. दीपधर म्हणून बोलक्या माणसाची निवड केल्यास दोष अंशतः कमी होतो, कारण तो बहुतांश वेळ स्वतःच बोलत असतो आणि स्वतःच्या तोंडावर उजेड पाडणे त्यास सोयीचे नसते.

षष्ठ प्रकार उत्पाटकाचा. तापलेले मडके दोन दांड्यांनी उचलून गोणपाटावर रिचवणे एवढेच त्याचे काम. त्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तो धीट असतो आणि लगेच जेवावयास बसतो.

पक्वतानिर्णयाचे तीन संप्रदाय

पोपटी झाली की नाही, हे मडके न उघडता ठरवावे लागते. एकदा तोंड मोकळे केले की वाफ गेली आणि परत जाळ लावण्यात अर्थ उरत नाही. या एका निर्णयाभोवती तीन संप्रदाय उभे राहिले आहेत.

जलबिंदुवादी उपड्या मडक्याच्या पाठीवर पाण्याचे थेंब शिंपडतात. थेंब चर्र करून तत्काळ उडून गेला तर झाली; घरंगळत खाली आला तर नाही झाली. यांच्यातही मतभेद आहे. काहींच्या मते चर्र हा ध्वनी निर्णायक, काहींच्या मते थेंबाचे अदृश्य होणे. ध्वनिपक्षाची अडचण अशी की त्याच वेळी जाळात ओली काटकी चरचरत असते.

गंधवादी पाण्यास स्पर्श करीत नाहीत. जाळाच्या धुरातून भांबुर्ड्याचा कच्चा उग्र दर्प येत असेल तोवर थांबावे. तो मावळून ओव्याचा व शिजल्या शेंगेचा वास पुढे आला की मडके काढावे. हा संप्रदाय प्राचीन व सूक्ष्म आहे. मात्र त्याचे आचार्य बहुधा ज्येष्ठ असतात आणि पौषातल्या थंडीत त्यांना सर्दी असते.

घटिकावादी हा सर्वांत अर्वाचीन संप्रदाय. तो भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने आलेल्या पाहुण्यांबरोबर २०२० नंतर अधिक बळावला असावा असे आमचे अनुमान आहे. घटिकावादी मोबाइलमध्ये पस्तीस मिनिटांची घंटा लावतो आणि ती वाजली की उभा राहतो. त्यास वारा किती, लाकूड ओले की सुके, मडके नवे की जुने असे विचारले असता तो पुन्हा पाच मिनिटांची घंटा लावतो.

तिन्ही संप्रदायांचे आचार्य एकाच पोपटीस उपस्थित असल्यास काय करावे? एकाचे म्हणणे मानल्यास इतर दोघे शेंगा कच्च्या असल्याचे जेवण संपेपर्यंत सांगत राहतात. सिद्धान्त असा की निर्णय अग्निपालाने आधीच घेतलेला असतो. आचार्यांची चर्चा ही लाकडे विझण्यास लागणारा वेळ भरून काढण्यासाठी आवश्यक असते, म्हणून ती चालू द्यावी.

विनियोग

गुण ओळखणे एक, तो योग्य स्थळी लावणे दुसरे. अयोग्य असा पुरुष नसतोच, त्यास योजणारा तेवढा दुर्मिळ असतो, या आशयाचे संस्कृत सुभाषित सर्वपरिचित आहे. योजक कोण, हे मात्र सुभाषितकाराने सांगितलेले नाही. रायगड किनाऱ्यावर योजक हे पद बहुधा त्या मनुष्याकडे जाते ज्याच्या शेतात मडके लावले आहे. कारण उद्या राख त्यालाच उपसावयाची असते.

विनियोगाचे एक उदाहरण देतो. मुंबईतील एका कंपनीची मंडळी संघभावना वाढवण्यासाठी अलिबागेजवळच्या एका रिसॉर्टात उतरली होती. दुपारी वातानुकूलित दालनात प्रत्येकाने गुणपत्रिका भरली. प्रत्येकास पाच गुणांचे प्रमाणपत्र मिळाले. रात्री त्यांच्यासाठी पोपटी लावण्यात आली आणि गावकऱ्यांबरोबर त्यांनीही हातभार लावावा असे ठरले. ज्यांच्या प्रमाणपत्रात धोरणात्मक विचार प्रथमस्थानी होता ते गृहस्थ गरम बटाट्याची साल चिमट्यावाचून, न थांबता, न बोलता सोलू शकतात असे निष्पन्न झाले. पाचव्या बटाट्यानंतर त्यांच्या नावाची हाक क्रियापदाविना येऊ लागली. नेतृत्वगुणसंपन्न गृहस्थ दीपधर ठरले. हिशेब विभागातील एका बाईंना प्रमाणपत्रात तपशिलाची आवड एवढाच सामान्य गुण मिळाला होता. शेंगा गोणपाटावर असतानाच त्यांनी पुडा उचलून पाहिला आणि ‘यातलं मीठ अजून कमी झालेलं नाही’ असे शांतपणे सांगितले. पूर्वस्मारक हा दुर्मिळ भेद आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला तो तेथे. त्या बाईंना पुढील वर्षीच्या पोपटीचे निमंत्रण गावकऱ्यांनी जागीच दिले. कंपनीला दिले नाही.

कबड्डीच्या चमूत उजवा कोपरा कोणी सांभाळावा हे ठरवण्यास या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात कधी प्रमाणपत्र लागलेले नाही, ही गोष्ट याच संदर्भात विचारार्ह आहे.

वातरोधकांविषयी

फ्रेंच कृषिअभियंता माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेले प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढण्याच्या जेमतेम निम्म्यावर आला. हा निष्कर्ष पोपटीस लावून पाहिल्यास विपरीत दृश्य दिसते. काम पाच-सहा जणांचे, माणसे पंधरा-वीस. उरलेली मंडळी खुर्च्यांवर, बांधावर, मोटारसायकलीवर बसलेली. त्यांना आळशी म्हणण्याचा मोह पंडितांना होतो.

हा मोह शास्त्रीय नाही. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमीन थंडावली की जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. पोपटीच्या वेळी हा मतलई जाळ एका अंगाला ढकलतो. मग मडक्याची एक बाजू करपते आणि दुसरीकडच्या शेंगा हिरव्याच राहतात. वाऱ्याच्या बाजूस भिंत हवी. बसलेली मंडळी ती भिंत होत. त्यांस आम्ही वातरोधक म्हणतो. वातरोधकाचा गुण त्याच्या देहविस्ताराशी समप्रमाणात असतो, आणि जिल्ह्यातल्या ज्या काकांना आयुष्यभर ‘जरा चालत जा’ असे ऐकावे लागले, त्यांच्या गुणाचा हा पहिलाच शास्त्रीय उल्लेख असावा. त्यांनी पूर्वेकडे पाठ करून बसावे. मध्येच पाणी पिण्यास उठू नये. उठल्यास ज्वाला कोणत्या दिशेस झुकते ते पाहावे. ते त्यांचे गुणपत्रक होय.

वातरोधकांचा एक उपवर्ग गेल्या वर्षीच्या पोपटीशी या वर्षीच्या पोपटीची तुलना करतो. गेल्या वर्षीची नेहमी चांगली असते. या उपवर्गाचे सांघिक कार्य अद्याप निश्चित झालेले नाही.

फलविभाग

शेंगा सर्वांच्या, हे निर्विवाद. बटाटी व रताळी ज्याच्या हाताला येतील त्याची. कोंबडीचा निर्णय केळीचे पान ज्याने सोडले तो करतो. अंड्यांचा प्रश्न मात्र कठीण आहे, कारण ती नेहमी माणसांपेक्षा दोन-तीन कमी असतात.

गुणानुसारी मत असे की अंडे हाकसिद्ध गुणधारकांस प्रथम द्यावे: पर्णज्ञ, घटपूरक, अग्निपाल, उत्पाटक या क्रमाने. लवणस्मारकास अंडे द्यावे की नाही हे पहिली शेंग चाखल्यावर ठरवावे. वयानुसारी मत लहान मुलांना प्रथम देते, आणि मुले बहुधा मताची वाट पाहत नाहीत. दीपधर अंड्यावर उजेड पाडून ते कोठे आहे हे इतरांस दाखवतो. त्यामुळे त्याला ते मिळत नाही. वातरोधकांना जागेवर आणून द्यावे लागते, अन्यथा ते उठतात आणि उरलेली राख सर्वांच्या पानांवर उडते.

मडक्यातून फुटलेले अंडे निघाल्यास ते शेतमालकाने खावे. याविषयी तिन्ही संप्रदायांत मतभेद आढळत नाही.